हिमोग्लोबिन ९ असताना ‘बीट-खजूर खा’ सांगणं बंद करायला हवं

वॉर्ड_सिस्टर

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९ दिसलं की घरचे, शेजारचे आणि कधीकधी दवाखान्यातलेसुद्धा एकच सांगतात: बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. १० च्या खाली गेलेल्या बाईला हा सल्ला उपचार म्हणून देणं म्हणजे तिचे महिने वाया घालवणं, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब मांडते. ५० किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ९ वरून १२ वर न्यायला ५० × ३ × २.४ (वजन × वाढवायचं हिमोग्लोबिन × सूत्रातला ठरलेला आकडा), म्हणजे ३६० मिलिग्रॅम लोह लागतं. रिकामा झालेला साठा भरायला वर ५०० धरतात. एकूण ८६०. शिरेतून लोह द्यायचं असतं तेव्हा डोस याच सूत्राने काढतात. आता बीट घ्या. १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅम, त्यातलं फार तर दहा टक्के अंगी लागतं. रोज १०० ग्रॅम बीट खाल्लं तर ८६० गाठायला तीस वर्षं जातील, तीही पाळीतून जाणारं रक्त अजिबात न मोजता. बिटाच्या लाल रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. एका खजुरात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्तक्षय असेल तर रोज दोन. फुकट मिळते. तरी पाकिटं फडताळात पडून राहतात, कारण ‘बीट चालू आहे ना’.

शेवगा

सिस्टर, मी आहारतज्ज्ञ आहे आणि तुमचा हिशोब मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. बिटाची वकिली मीही करणार नाही, पण बीट म्हणजे आहार नव्हे. ‘गोळी घ्या’ एवढंच सांगून बाईला घरी पाठवलं तर ती गोळीसुद्धा फुकट जाते. ती गोळी कशाबरोबर घेतली जाते ते कुणी विचारतं का? सकाळी चहाबरोबर. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून खाली येतं. तेच जेवणाचं. पोह्यांवर लिंबू पिळलं, उत्तम. पण शेवटचा घास पोटात जायच्या आत चहाचा कप हातात असतो आणि लिंबाने कमावलेलं तिथेच जातं. जेवणाआधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको, हा एक बदल करायला पैसा लागत नाही.

दुसरं. बाजरीत १०० ग्रॅमला साधारण सहा मिलिग्रॅम लोह आहे, नाचणीत साडेचारच्या आसपास. सोबत फायटेटही आहे, ते लोह अडवतं. त्यावर आपल्या स्वयंपाकात उपाय आहेत: कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणणं, पीठ आंबवणं, ताटात काहीतरी आंबट कच्चं असणं. लिंबू भाजीत शिजवू नका, ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने जातं. भाजी ताटात वाढल्यावर पिळा. चवळी-मटकीची उसळ लोखंडी कढईत आमसूल किंवा टोमॅटो घालून केली तर कढईतलं लोह उतरतं, नॉनस्टिकमध्ये उतरणार कुठून? मात्र शिजलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव आणि रंग बिघडतो आणि मग घरचे ती कढई माळ्यावर टाकतात.

मांसाहार चालत असेल तर मटणातलं लोह कितीतरी सहज शोषलं जातं. काळीज आणखी चांगलं, फक्त गरोदरपणात टाळावं, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं.

गोळ्यांनी हिमोग्लोबिन १२ वर गेलं आणि ताट तेच राहिलं तर ते पुन्हा खाली येणार. म्हणून आहाराचा सल्ला बंद करा असं म्हणू नका. नीट द्या असं म्हणा.

रक्तपेशी

तुम्ही दोघी उपचारावर भांडताय, पण निदान झालंय का? हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण धोक्याचं आहे. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण तपासणीच्या, कागदावर हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी वाचा. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता असू शकते, तसंच थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोषही. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागा. एमसीव्ही ७० आणि पेशी ४.१ दशलक्ष, तर उत्तर १७, लोहाची शक्यता जास्त. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.८, तर १०.७. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा आणि एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासायचं. हा फक्त चाळणीचा आकडा आहे, निदान नव्हे. शिवाय लोह कमी असताना एचबीए-टूसुद्धा खोटं कमी दिसू शकतं.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर लोहाच्या गोळ्या कितीही घ्या, मूळ दुखणं तसंच राहील. तिथे बी-१२ बघा, विशेषतः शाकाहारी माणसात. नंदुरबार, गडचिरोली पट्ट्यात सिकल सेल (लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) डोक्यात असलाच पाहिजे. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी आढळलं तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधा: मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कर्करोग. तिथे बीट आणि गोळी दोन्ही रोग झाकतात.

फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करायचं तर ताप, संसर्ग असताना करू नका. सूज असली की फेरिटिन वाढतं आणि साठा भरलेला असल्याचा भास होतो.

उपकेंद्र

रक्तपेशी, तुमचं सगळं खरं, पण उपकेंद्रात सीबीसीचं मशीन नसतं. हातात असतं डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर. तिथे चूक बोटापासूनच सुरू होते. थेंब येत नाही म्हणून बोट दाबलं की पेशींमधलं पाणी मिसळतं आणि ९.८ चं ९ दिसतं. हात कोमट करून घ्या, बोटाच्या बाजूला टोचा, पहिला थेंब पुसून टाका.

गरोदर बाईला फेरिटिनच्या रिपोर्टची वाट बघत गोळीशिवाय बसवू नका. गोळी सुरू करा आणि महिन्याने पुन्हा तपासा. एक ग्रॅमही वाढलं नाही आणि गोळ्या खरंच पोटात गेल्यात याची खात्री असेल, तर मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि जंताच्या गोळीचा विषय कुणीच काढला नाही! अनवाणी शेतात काम असेल तर हुकवर्म आतड्यातून रोज रक्त पितो. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरोदरपणात पहिले तीन महिने सोडून.

नाडी

फिजिशियन म्हणून माझा आक्षेप ‘रोज दोन’वर आहे. ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा जवळपास एक दिवस आतड्याचं दार अर्धं लावून ठेवतं. दुसरी गोळी त्या दारावर आपटते. न शोषलेलं लोह आतड्यात राहतं, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, गोळी सुटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या झुरिचच्या अभ्यासात लोह कमी असलेल्या स्त्रियांना तेवढ्याच गोळ्या रोज आणि एक दिवसाआड देऊन पाहिलं. रोज घेतल्यावर सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड सुमारे २२ टक्के. मग बाईला त्रास का द्यायचा?

उपकेंद्र

डॉक्टर, त्याच अभ्यासाचे दिवस मोजा. १४ गोळ्या रोजच्या हिशोबाने १४ दिवसांत संपल्या, १३१ मिलिग्रॅम शोषलं. एक दिवसाआड १४ गोळ्यांना २८ दिवस लागले, १७५ शोषलं. दिवसाला भागलं तर रोजवाली नऊच्या वर, आडवाली सहाच्या जरा वर. त्यातल्या स्त्रियांना रक्तक्षयही नव्हता, फक्त साठा कमी होता. सातव्या महिन्यात ८.५ घेऊन आलेल्या बाईकडे दहा-बारा आठवडे असतात. तिला रोजच लागणार. आणि ‘आज आहे की उद्या’ यात निम्म्या गोळ्या विसरल्या जातात.

नाडी

घाई असलेल्या गरोदर बाईबाबत मान्य. सातव्या-आठव्या महिन्यात एवढं कमी असेल तर शिरेतून लोह हा पर्यायही वेळेत विचारात घ्या. पण पाळी जास्त जाणारी तिशीतली बाई, हिमोग्लोबिन १०.५, गोळीने पोट बिघडतं म्हणून दोनदा सोडलेली, तिला एक दिवसाआडच द्यावी. चालू राहिलेली आडवाली गोळी ही सोडलेल्या रोजच्या गोळीपेक्षा कधीही चांगली. आणि पाळी जास्त का जातेय, त्याचाही इलाज करा.

वॉर्ड_सिस्टर

शेवगा, तुमचा आहार टिकवण्यासाठी, माझी गोळी चढवण्यासाठी. पण ९ ला सुरुवात गोळीनेच, हे मी सोडणार नाही.

गोळी सुटते ती न सांगितल्यामुळे. शौच काळी होते, ते रक्त नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. मात्र डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर दाखवायला या. रिकाम्या पोटी मळमळलं तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, लोहाची वेगळी. दोन्ही एकाच मुठीत घेणं हा सर्रास चालणारा घोळ आहे. थायरॉइडची गोळी आणि लोह यात चार तास ठेवा. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका. साठा भरायला पुढे तीन महिने लागतात. पुन्हा घसरणाऱ्या बऱ्याच जणींनी इथेच थांबवलेलं असतं.

फार्मसी_काउंटर

पाकिटावरचा मोठा आकडा नेहमी लोहाचा नसतो. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये १२. म्हणून ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेट म्हणजे लोह फक्त ३६. ‘एलिमेंटल आयर्न’ किंवा ‘मूलद्रव्य लोह’ असं लिहिलेली ओळ वाचा आणि तुलना त्यावरून करा.

लहान मूल घरात असेल तर गोळ्या फडताळात नको, कुलपात ठेवा. लाल, गोड आवरणाची गोळी मुलांना चॉकलेट वाटते. १० किलोच्या मुलाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. कमी खाल्ल्या असतील तरी दवाखाना गाठा. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं खेळू लागतं आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून उलट्या थांबल्या तरी घरी थांबू नका, उरलेलं पाकीट सोबत घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. वॉर्ड_सिस्टर, गोळ्या देताना हेही सांगायला हवं, एका वेळी महिन्याभराचं पाकीट घरी जातं.