आईच्या गुडघ्यातील इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर (कमकुवत हाड रोजच्या भारानेच मोडणे) : किती थांबावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची असून ती शनिवार पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे पर्वती चढण्याचा तिचा अनेक वर्षांचा नेम होता. सात आठवड्यांपूर्वी पर्वतीच्या पायऱ्या उतरताना तिच्या उजव्या गुडघ्यात टक् असा आवाज झाला आणि आतल्या बाजूला जोराची कळ आली. ती पडली नाही, पायही मुरगळला नाही; त्यामुळे आपल्याला फ्रॅक्चर आहे हे तिला अजूनही पटत नाही.

पहिल्या एक्स-रेमध्ये वयानुसार थोडी झीज दिसली, बाकी काही नाही. त्यामुळे वेदनाशामक गोळ्या आणि चालण्याचा सल्ला मिळाला आणि आईने तो इतक्या नेटाने पाळला की रात्री कूस बदलणेही तिला अवघड झाले. शेवटी केलेल्या एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या कॉन्डाइलमध्ये (गुडघ्याजवळच्या गोलसर टोकात), कूर्चेच्या लगेच खाली, फ्रॅक्चरची बारीक रेषा आणि तिच्याभोवती अस्थिमज्जेत पसरलेली सूज आढळली. शिवाय आतल्या मेनिस्कसचे, म्हणजे गुडघ्यातील गादीचे, मागचे मूळ (हाडाला जोडलेले टोक) फाटले असून गादी बाहेर सरकली आहे. हाडाचा पृष्ठभाग मात्र अद्याप खचलेला नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडे ठिसूळ, आणि रक्तात ड जीवनसत्त्व ११, म्हणजे फारच कमी आले. दोन्ही आम्हाला आजच कळावेत, याची खंत वाटते.

रिपोर्टमध्ये 'ऑस्टिओनेक्रोसिस' हा शब्दही असल्यामुळे हाड मेले, असे समजून घरात दोन दिवस रडारड झाली. नंतर वाचनात आले की आल्बॅक नावाच्या संशोधकांनी १९६८ मध्ये हा विकार त्या नावाने वर्णिला होता, पण पुढे काढलेल्या हाडांच्या सूक्ष्मदर्शी तपासणीतून असे दिसले की बहुतेकदा कमकुवत हाड आधी मोडते आणि मृत भाग दिसलाच तर तो त्यानंतरचा असतो. आईच्या बाबतीत ही समजूत बरोबर आहे, असे डॉक्टरांनीही सांगितले.

खरा पेच पुढे आहे. एका तज्ज्ञांच्या मते सहा आठवडे वॉकर घेऊन त्या पायावर भार टाकायचा नाही, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि ठिसूळपणाचे औषध सुरू करायचे आणि मग पुन्हा एमआरआय पाहायचा. दुसऱ्यांचे म्हणणे असे की गादीचे मूळ सुटलेले असल्याने भार त्याच जागी पडत राहणार, म्हणून दुर्बिणीतून ते मूळ लवकर शिवून घ्यावे. हाड खचले तर गुडघ्याचा अर्धा सांधा बदलावा लागू शकतो, असे त्यांचे म्हणणे. फाटलेली गादी नुसती कापून काढू नये, यावर मात्र दोघांचे एकमत आहे, कारण त्याने हाडावरचा ताण आणखी वाढतो.

माझ्या वाचनाप्रमाणे परिणाम मुख्यतः हाडाच्या बाधित भागाचा आकार, हाड खचले आहे की नाही, गादी किती सरकली आहे आणि पाय बाहेर वाकलेला आहे का, यांवर ठरतो. आईचे पाय थोडे धनुष्याकृती आहेत, तरीही उभे राहून कंबरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे कोणीच काढलेला नाही. तो मागून घेणे योग्य ठरेल का?

ज्यांच्या घरी असेच गादीचे मूळ फाटलेले असताना केवळ भार टाळून फ्रॅक्चर भरून आले, त्यांनी किती आठवड्यांनी चालायला सुरुवात केली, ते कृपया कळवावे. ज्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांचा अनुभव मला तितकाच हवा आहे, विशेषतः हाड खचत असल्याचे कोणत्या लक्षणावरून कळले ते. आणि एक अगदी घरगुती प्रश्न : कमोडची खुर्ची आणली आहे, पण तपासणीसाठी दोन मजले उतरवताना तुम्ही रुग्णाला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेले, की आणखी काही सोय केली? पुढची भेट येत्या शुक्रवारी आहे.