नेपल्सला जाताना फ्रँकफर्टला दीड तास पुरेल का?

दादरवाली: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जायचंय, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि तिथून नेपल्स अशी दोन वेगळी तिकिटं बरीच स्वस्त पडतायत, पण मधे फक्त दीड तास आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

ठाणेकर: नका करू असं. उतरायचं इटलीत असलं तरी शेंगेनचं (म्हणजे जर्मनी, इटली वगैरे सामायिक व्हिसावाल्या युरोपीय देशांच्या गटाचं) इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, वर वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा घ्या, परत चेक-इन करा, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तिकीट गेलंच. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असाल तर पुढच्या फ्लाइटमध्ये बसवायची जबाबदारी एअरलाइनची.

गिरगावचा: माझं अगदी हेच झालं, ऐनवेळी नवीन तिकीट काढलं, आईचा चेहरा अजून आठवतो. बाबांसाठी व्हीलचेअर निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, वेगळे पैसे लागत नाहीत.

दादरवाली: मग एकाच तिकिटावर तीन तासांचा लेओव्हर शोधते.

ठाणेकर: दोहामार्गे रोमही बघा ना, एका तिकिटावर दोहाला इमिग्रेशन नाही, बॅगा थेट रोमला, रोमच्या मुख्य स्टेशनवरून नेपल्सला ट्रेन सव्वा तासाची.