मुलाखतीत नोकरी सोडण्याचं खरं कारण सांगावं का?

गेजवाला
भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ४ वर्षं झाली, आता नोकरी बदलायची आहे. "का सोडताय?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावर ओळखीतले सगळे एकच सांगतात: "ग्रोथ म्हण, नवीन शिकायचंय म्हण, जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलू नकोस." मला हे पटत नाही. खरं कारण सांगावं, असं माझं मत आहे.

माझं कारण असं. आमच्या एका पार्टला ३२ मिमीचं बोअर (गोल भोक) आहे, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन; ३२.०२५ मिमीच्या वर गेलं की माल नापास. एका रात्रपाळीला प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती बोअरमध्ये जायला लागली. दाबावीही लागली नाही, गेज स्वतःच्या वजनानं खाली उतरला. म्हणजे बोअर मोठं झालं होतं. मी पूर्ण लॉटला लाल टॅग लावून तो बाजूला ठेवला. सकाळी पाळी सुटताना बघतो तर टॅग गायब, माल गाडीत, आणि टेबलावर इन्स्पेक्शन रिपोर्ट तयार. पाच नगांची मापं, ३२.०१२, ३२.०१४ अशी, सुवाच्य अक्षरात भरलेली. फक्त माझी सही राहिली होती. मी केली नाही. दुसऱ्यानं केली.

मागच्या महिन्यात चाकणला मुलाखत झाली. तिथं मी पाठ केलेलं "ग्रोथ" म्हटलं. समोरचे साहेब शॉप फ्लोअरवरच केस पिकलेले. म्हणाले, "चार वर्षांत इन्स्पेक्टरचे इंजिनियर झालात. ग्रोथ तर तिथंच झाली की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकार आला त्याचं फार वाटलं नाही. पण तो रिपोर्ट ज्यानं भरला, तसंच न मोजता उत्तर मीही भरून आलो, हे अजून डोक्यातून जात नाही.

भरती_विभाग
तुम्ही सही केली नाहीत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही मुलाखतीत हे सांगू नका. मी ११ वर्षं भरतीचं काम करते. समोरच्यानं तो गेज पाहिलेला नसतो, त्याला फक्त तुमची बाजू ऐकू येते. दिवसाला सहा-सात उमेदवार येतात आणि बहुतेकांच्या तोंडी जुनी कंपनी वाईटच असते. कुणाचा पगार रखडलेला, कुणाचा साहेब शिव्या देणारा. खरं कोण, हे अर्ध्या तासात कसं ओळखायचं? मग ज्याच्याबद्दल शंका नाही तोच उमेदवार घेतला जातो. शिवाय भोसरी, चाकण, तळेगाव म्हणजे एकच गाव. तुमचा ग्राहक यांचाही ग्राहक असू शकतो.

खोटं बोलू नकाच, तारखांबद्दल तर मुळीच नको. २०१४ साली पीएफला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, आला, तेव्हापासून कुठं कधी लागलात आणि कधी सोडलंत ते एका ठिकाणी दिसतं. पण सगळंच सांगायला हवं असं कुठं आहे? थोडं गाळलं म्हणजे खोटं बोललं असं होत नाही.

सातपूरची
गाळलेली जागा रिकामी राहत नाही हो, समोरचा ती त्याच्या मनानं भरतो. मी डिझाइनला होते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा घेतली, २०१७ च्या दुरुस्तीनंतर तेवढी मिळते. परत आले तर माझं काम दुसऱ्याकडे, आणि मला स्टोअरच्या नोंदी लिहायला बसवलं. कुठल्याही कागदावर कारण नाही. पहिल्या दोन मुलाखतींत असाच सल्ला ऐकून "रोल बदलला" एवढंच म्हटलं. दोन्हीकडे पुढचा प्रश्न एकच: "म्हणजे काम जमत नव्हतं का?"

तिसऱ्या ठिकाणी जसं घडलं तसं सांगितलं. रजा कधी घेतली, परत कधी आले, काय काम दिलं. रडगाणं गायलं नाही, पण आवाज कापत होता. समोरच्या बाईंनी माझी ड्रॉइंग्ज मागितली आणि पुढचा पाऊण तास त्यावरच बोलल्या. आजही तिथंच आहे.

डिप्लोमा_चिंचवड
मी पगारासाठी बदलली आणि तसंच सांगितलं. घरभाडं, आईची औषधं, यात लाजायचं काय? "पैसे महत्त्वाचे नाहीत" असं म्हणणाऱ्याला मग पैसे कमीच देतात. गेजवाला, तुमची ५ वर्षं भरायला किती महिने राहिलेत ते आधी बघा. ग्रॅच्युइटी सोडून जाऊ नका.

गेजवाला
दहा महिने आहेत. तेवढे दिवस तिथं निघणार नाहीत माझ्याकडून.

भरती_विभाग
सातपूरच्या ताई, गाळलेल्या जागेचं तुमचं म्हणणं मान्य. आमच्याकडूनही तसं होतं. पण तुम्ही तुमच्यावर काय गुदरलं ते सांगितलंत. गेजवाला सांगणार ते दुसऱ्यावरचा आरोप आहे, तोही ग्राहकाला खराब माल गेल्याचा. तुम्ही काय केलंत तेवढं सांगा, त्यांनी काय केलं ते नको. "मी लॉट अडवला" इथं थांबा.

गेजवाला
लॉट अडवणं तर माझं रोजचंच काम. त्यासाठी कुणी नोकरी सोडत नाही. पुढचं सांगितलं नाही तर पहिल्याला अर्थच उरत नाही.

पण नावांबद्दल तुमचं बरोबर आहे. शनिवारी रांजणगावला मुलाखत आहे. असं म्हणायचं ठरवलंय: "माप घेतल्याशिवाय मी सही करत नाही. आताच्या ठिकाणी त्यावरून मतभेद झाले, म्हणून सोडतोय. कंपनीचं, ग्राहकाचं, पार्टचं नाव मी घेणार नाही. उद्या तुमच्याकडून गेलो तर तुमचंही घेणार नाही."

भरती_विभाग
"मतभेद" काढा. तो शब्द ऐकला की माणूस भांडखोर वाटतो. बाकी असंच म्हणा. हे माझ्यासमोर कुणी म्हटलं असतं तर मी पुढचा प्रश्न विचारला असता, फाइल मिटली नसती.

सातपूरची
राहू द्या मतभेद, झालेतच ना? आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतील तेव्हा विचारा, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले. उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.