पुरात मोबाईल बंद पडला तर गावाला हॅम रेडिओचा उपयोग होतो का? (परंडा तालुका)

सीनाकाठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी, मी परंडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असंल, हेलिकॉप्टर, एनडीआरएफ सगळं. पण आमच्याकडं खरी अडचण वेगळीच झाली. लाइट गेली, मग काही तासांनी टॉवरची बॅटरी उतरली, जनरेटरला डिझेल न्यायचं तर रस्ता पाण्यात, अन् रेंज गेली ती गेलीच. पलीकडच्या वस्तीवरची माणसं पत्र्यावर चढून बसलेली आम्हाला डोळ्यांनी दिसायलीत पण त्यात बाळंतीण कोण, इन्सुलिनवर कोण, किती लेकरं, हे तालुक्याला सांगायचं कसं? एक पोरगं बंधाऱ्याच्या बाजूनं चालत निघालं निरोप घेऊन.

आता गावात बैठक झाली, तिथं काहीजण म्हणायलेत की ऑनलाइन स्वस्तात वॉकीटॉकी मिळतात, पाचसहा घेऊन ठेवू. मी हॅम रेडिओबद्दल, म्हणजे हौशी लोक आपसात बोलायला वापरतात त्या रेडिओबद्दल, थोडं वाचलंय. तर विचारायचंय की असले सेट सरळ घेऊन वापरले तर चालतं का, लायसन लागतं म्हणतात ते कुणाला लागतं, आणि मुख्य म्हणजे आमच्या गावातून धाराशिवला आवाज जाईल का, मध्ये सगळा बालाघाट आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

लातूर_चाळीस_मीटर:
मास्तर, प्रश्न योग्य वेळी विचारलात, पावसाळा यायच्या आधी. सेट घ्यायची घाई करू नका. आधी माणसं तयार करा.

लायसनशिवाय हॅमच्या पट्ट्यावर, म्हणजे हॅमसाठी ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर, बोलणं बेकायदा आहे, आणि ते स्वस्तातले सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लागतात, पोलिसांच्यासुद्धा, म्हणून कुणाच्या हातात पडले तर भलतीच अडचण होते. गावातल्या गावात बोलायचं असंल तर ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे लायसन-फ्री सेट येतात, ते सरकारी मंजुरीचे बघून घ्या. वस्ती ते गाव एवढं त्यात भागतं. धाराशिवला नाही जाणार.

कारण हातातल्या सेटचा आवाज साधारण जिथवर नजर जाते तिथवर जातो. सपाट रानात दोघं उभे असतील तर चारपाच किलोमीटर, ऊस उंच असंल तर त्याहून कमी. अँटेना पाण्याच्या टाकीवर नेली तर खूप फरक पडतो, पण डोंगर आडवा आला की संपलं. अशा वेळी डोंगरावर रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढं पाठवणारा सेट, असावा लागतो, आणि तो रिपीटर स्वतः लाइट गेल्यावर चालायला पाहिजे.

तुमच्या कामाचा आहे ४० मीटरचा पट्टा (हे मीटर लहरीच्या लांबीचे), म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. तिथं वीस मीटर तार मधोमध कापून, दोन्हीकडं दहादहा मीटर ताणून, शाळेच्या दोन खांबांना जमिनीपासून चारपाच मीटरवर बांधायची. एवढ्या कमी उंचीवरून सिग्नल सरळ वर जातो, वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतो आणि आजूबाजूच्या तीनचारशे किलोमीटरात पसरतो. मध्ये बालाघाट असो नाहीतर आणखी काही, त्याला फरक पडत नाही. धाराशिव, लातूर, संभाजीनगर, पुणे, सगळं ह्यात आलं. दिवसा हे छान चालतं, रात्री जवळचं ऐकू येईना की ८० मीटरवर जायचं, त्याची तार दुप्पट लांब.

वीज कुठून आणायची हा प्रश्न गावात सोपा आहे. सेट १२ व्होल्टवर चालतो, ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असती. पूर्ण ताकदीनं बोललं तर १०० वॅटचा सेट वीसेक अँपिअर ओढतो, म्हणून ताकद २०-३० वॅटवर आणायची आणि थोडक्यात बोलायचं.

किल्लारीच्या वेळी, १९९३ ला, ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. आम्ही तिकडं गेलो तेव्हा बाहेरगावचे हॅम लोक सेट अन् बॅटऱ्या घेऊन येऊन बसलेले मी बघितले. मी त्यानंतर परीक्षा दिली. इतक्या वर्षांत एकच गोष्ट पक्की कळली, कपाटात ठेवलेला सेट वेळेला कुणाच्या उपयोगी येत नाही. दर आठवड्याला ठरल्या वेळी नेटवर, म्हणजे सगळे हॅम एका फ्रिक्वेन्सीवर जमतात तिथं, येणारा माणूस येतो.

गोदाकाठ_नांदेड:
काकांनी सांगितलं त्याला दुजोरा. मी दोन वर्षांखाली परीक्षा दिली म्हणून तेवढं सांगतो. अर्ज केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर करायचा, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडं (वायरलेसचं काम बघणारी शाखा) जातो. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची भाषा) लागत नाही, कॉलसाइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं नाव, व्हीयू-३ नं सुरू होतो, जनरलला मिनिटाला ८ शब्द मोर्स यायला पाहिजे, तिथं व्हीयू-२. वय १२ पूर्ण पाहिजे, म्हणजे मास्तर तुमची आठवी-नववीची पोरं बसू शकतात!! अभ्यासात ओहमचा नियम, अँटेना, आणि नियम-कायदे. विज्ञानाचं पुस्तक नीट केलेल्या पोराला अवघड नाही.

आणि अंदमानचं उदाहरण पोरांना जरूर सांगा. डिसेंबर २००४ ला भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू-टू-आरबीआय, त्यांची टीम खास परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला हौसेचं स्टेशन चालवायला गेलेली. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन निरोपांच्या कामाला लागलं. तार बांधलेली होती, सेट चालू होता, जगभरचे लोक रोज त्यांचा आवाज ऐकत होते, म्हणून ते लगेच जमलं. आमच्याकडं गोदावरी फुगली, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की मला हेच आठवतं.

सीनाकाठचा_मास्तर:
खूप आभार दोघांचे. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं ऐकून गावातली माणसं खूश होतील. एक विचारतो, समजा आमच्यातल्या दोघांनी परीक्षा पास केली, तार बांधली, आता पलीकडं कोण ऐकणार? अन् कुणाचा घरगुती निरोप दिला तर चालतो का?

पांगरा_शिंदे_कडचा:
मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्याकडं जमिनीतून आवाज येतात, २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा धक्का बसला अन् त्याच वर्षी जुलैत परत तेवढाच. दरवेळी पाचदहा मिनिटं फोनच लागत नाही कारण सगळेच एकदम लावायलेत. टॉवर उभा असतो तरी. त्यामुळं हा प्रश्न नुसता पुराचा नाही. मी पण परीक्षेच्या तयारीत आहे, मास्तर तुमच्याबरोबर बसतो.

लातूर_चाळीस_मीटर:
मास्तर, पलीकडं कोण ऐकणार हे आत्ताच ठरवायचं. लायसन आल्यावर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात लेखी पत्र द्या, कॉलसाइन, गाव, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती वाजता येणार सगळं लिहून. धाराशिवला एखादा हॅम जोडून घ्या जो पूर आला की कलेक्टर ऑफिसात जाऊन बसेल. एरवी हॅमवर दुसऱ्याचे निरोप किंवा धंद्याचं बोलणं चालत नाही. नेहमीची यंत्रणा बंद पडते तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांचे निरोप पोचवायला मुभा आहे, म्हणून निरोप प्रशासनामार्फतच गेला पाहिजे.

आणि निरोप वहीत लिहून मगच वाचायचा. वस्तीचं नाव, माणसं किती, आजारी किती, काय पाहिजे, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव. ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. घाबरलेला माणूस मायकवर पाच मिनिटं बोलतो अन् किती माणसं हेच राहून जातं, म्हणून पोरांकडून हे दर रविवारी करून घ्या, पूर नसताना. लायसन येईपर्यंत मोबाईलवर वेबएसडीआर (दुसरीकडचा रेडिओ इंटरनेटवरून ऐकवणारी वेबसाइट) लावून ४० मीटर ऐकवत जा, कान तयार होतो.

तार बांधताना महावितरणच्या लाइनपासून भरपूर लांब बांधा, तुटून पडली तरी लाइनवर पडता कामा नये. ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकायची, मग नेट चालू असला तरी.