मदत हवी आहे: आमच्या गावाचा राजा खरा की कुणी रचलेला?

मंडळी, पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या आधी वेशीवर कमान उभी करायची आहे. नाव कुणाचं द्यायचं यावर दोन महिने वाद झाला. शेवटी एका पोरानं ऑनलाईन ज्ञानकोशातलं पान मोबाईलवर काढून दाखवलं. आमच्या गावाला म्हणे स्वतःचा राजा होता! कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोज राजाचा मांडलिक, राज्य 1187 ते 1211, आणि देवगिरीच्या सिंघण यादवाला बारा हजार घोडेस्वारांनिशी अडवणारा. ग्रामसभेत टाळ्या पडल्या, वर्गणीही भराभर जमली. स्मरणिकेत राजावर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.

(राजाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की उद्या हाच धागा पुरावा म्हणून कुणीतरी चिकटवणार.)

पानाखाली 1886 च्या कोल्हापूर गॅझेटियरचा पृष्ठ क्रमांक आहे. काढून बघितलं, त्या पृष्ठावर राजा नाही, सूचीतही नाही. दुसरा संदर्भ एका बातम्यांच्या पोर्टलचा. पण ती बातमी ज्ञानकोशातल्या पानानंतरची, आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट तशीच्या तशी उचललेली. तिसरा एक ताम्रपट, 'शक 1120, प्लवंग संवत्सर'. तो कुठं सापडला, कुणी वाचला, काही नाही.

अडचण अशी की तळ्याकाठच्या एका दगडाला आमची आजी 'राजाचा दगड' म्हणायची. म्हणजे सगळंच खोटं म्हणायला जीभ रेटत नाही. कसं ठरवायचं?

ताम्रमुख: प्लवंग वाचूनच हसू आलं. संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पहिलं प्रभव. शकात 12 मिळवा, 60 नं भागा, बाकी उरेल तो प्रभवपासूनचा क्रमांक. 1120 अधिक 12 म्हणजे 1132, बाकी 52. बावन्नावा कालयुक्त, प्लवंग तर एक्केचाळिसावा. गत शक की चालू शक या घोळात एखाद्या वर्षाचा फरक पडतो, अकरा वर्षांचा नाही. खऱ्या लेखावर ताळा करून बघा: दुसऱ्या भोजाचा कोल्हापुरातला शिलालेख शक 1112, साधारण संवत्सर. 1124, बाकी 44, आणि चव्वेचाळिसावा साधारणच. पंचांग न बघता थाप मारणारा इथं हमखास सापडतो.

शिवाय ताम्रपट म्हणजे जमिनीच्या दानाचा कागदच. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, चतुःसीमा काय, हे त्यात असतं. शिलाहारांच्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर', 'श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद' अशी बिरुदंही येतात. तुमच्या पानावर नुसते घोडेच दिसतात. जुन्या लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एका खंडात छापलेत (1977), त्यात हा पट आहे का ते आधी बघा.

रंकाळावेस: ज्ञानकोशातल्या पानावर 'इतिहास पहा' असतं, त्यावर टिचकी मारा. एकाच खात्यानं एका बैठकीत अख्खं पान लिहिलंय का, त्या खात्यानं दुसरं काय लिहिलंय, ते बघा. आणि नुसत्या तळटीपा बघून दबू नका. गोव्यातल्या डिचोलीचं युद्ध आठवा. 1640-41 मध्ये मराठे आणि पोर्तुगीज लढले असा इंग्रजी विकिपीडियावरचा लेख, 2007 ते 2012 पाच वर्षं टिकला, वर 'चांगला लेख' म्हणून शिक्काही मिळाला. 1640 ला शिवाजी महाराज दहा वर्षांचे! संदर्भाची पुस्तकंच अस्तित्वात नव्हती, आणि ती उघडून बघायची तसदी इतकी वर्षं कुणी घेतली नाही.

जुना करवीरकर: पोरांनो, दंतकथा आणि थाप एकाच पोत्यात भरू नका. महालक्ष्मीनं मारलेल्या कोल्हासुराची गोष्ट करवीर माहात्म्यात, म्हणजे कोल्हापूरच्या पोथीत आहे. ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर कोहळा फुटतो तेव्हा शक-संवत्सर कुणी विचारतं का? दंतकथेला मान असतो, विधी असतो, जात्यावरची ओवी असते. घोडेस्वारांची मोजदाद नसते. गावातल्या गुरवाला विचारा, राजाचा नैवेद्य कधी होता का म्हणून.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. खातं एकच, पान एका रात्रीत लिहिलेलं, आणि त्याच खात्यानं शेजारच्या दोन गावांनाही एकेक राजा वाटलाय. मिराशींच्या खंडात पट नाही. गुरवबाबा म्हणाले, दगड वीरगळ आहे, गाईगुरं सोडवताना पडलेल्या माणसाचा. दसऱ्याला त्याला शेंदूर लागतो. नाव त्यांच्या आजोबांनाही माहीत नव्हतं. राजाचं नाव त्यांनी पहिल्यांदा ग्रामसभेतच ऐकलं.

ज्ञानकोशाच्या चर्चापानावर सगळं मांडलंय. सरपंचांना अजून सांगायचंय, ते अवघड आहे, कारण वर्गणीच्या पावत्यांवर राजा छापून झालाय. पेंटरला तेवढं थांबवलं. कमानीवर सध्या 'सुस्वागतम' एवढंच आहे.