डेबियन १२ : प्रिंटर दिसतो, पण 'फिल्टर फेल्ड' येऊन छपाई थांबते

प्रश्न

माझ्या डेस्कटॉप संगणकावर डेबियन १२ या लिनक्स प्रणालीची ६४ बिट आवृत्ती असून त्याला यूएसबी केबलने एक जुना लेझर प्रिंटर जोडलेला आहे. या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या भाषांपैकी काहीच समजत नाही. पानाचे चित्र संगणकानेच तयार करून द्यावे लागते, त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरवाचून गत्यंतर नाही. कंपनीचे डेब पॅकेज मी तिच्या सूचनेप्रमाणे डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेच्या, सर्व हरकती डावलणाऱ्या 'फोर्स-ऑल' पर्यायाने बसवले, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे ६३१ क्रमांकाचे पोर्ट उघडून कप्स या छपाई-व्यवस्थेत प्रिंटर जोडला आणि तिथवर सारे सुरळीत पार पडले.

मात्र चाचणीचे पान पाठवले की काही क्षणांतच 'फिल्टर फेल्ड' असा शेरा येतो आणि प्रिंटरची रांगच थांबते. केबल बदलून पाहिली आहे. कप्सची डीबग नोंद चालू करून एरर लॉग वाचला असता, कंपनीच्या फिल्टरचे (पानाचे प्रिंटरला समजेल असे रूप करणाऱ्या प्रोग्रामचे) नाव देऊन 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे लिहिलेले आढळले. माझा गोंधळ नेमका इथे आहे : ती फाइल कप्सच्या फिल्टर फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर आहे, तिला चालवण्याची परवानगीही आहे, तरी ती नाही असे प्रणाली का म्हणते?

प्रतिसाद

त्या फिल्टरवर 'फाइल' ही फाइलचा प्रकार सांगणारी आज्ञा चालवून उत्तर कळवावे. फिल्टर ही नुसती शेल स्क्रिप्ट निघाली, तर ती ज्या प्रोग्रामला हाक मारते त्याच्यावर चालवावी.

प्रश्नकर्ता

उत्तरात 'ईएलएफ ३२-बिट, इंटेल ८०३८६' असे आले आणि पुढे इंटरप्रीटर म्हणून 'एलडी-लिनक्स.एसओ.२' हे नाव आहे.

प्रतिसाद

मग संदेश खरा आहे, फक्त तो तुमच्या फाइलविषयी नाही. ३२ बिट प्रोग्राम सुरू करण्यासाठी कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, हा इंटरप्रीटर (लोडर) लागतो, तो शुद्ध ६४ बिट डेबियनमध्ये नसतो, आणि लोडर सापडला नाही तरी तक्रार प्रोग्रामच्याच नावाने नोंदली जाते. या संदेशाने भल्याभल्यांना फसवले आहे. एरवी डीपीकेजीने तुम्हाला आधीच अडवले असते, पण 'फोर्स-ऑल'ने त्याचे तोंड बंद केले. असा पर्याय सुचवणाऱ्या सूचनापत्रकाकडे मी तरी संशयानेच पाहतो.

डीपीकेजीला 'ॲड-आर्किटेक्चर' पर्यायाने 'आय३८६' ही ३२ बिट रचना सांगावी, एपीटी या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाची यादी अद्ययावत करावी आणि 'लिबसी६' या मूलभूत लायब्ररीचे आय३८६ पॅकेज बसवावे. त्यानंतर त्या प्रोग्रामवर, लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी 'एलडीडी' ही आज्ञा चालवून ज्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' दिसेल, तिचेही आय३८६ पॅकेज घ्यावे. शेवटी 'कप्सइनेबल' ही आज्ञा प्रिंटरच्या नावासह द्यावी, कारण थांबलेली रांग आपोआप सुरू होत नाही.

प्रश्नकर्ता

छपाई सुरू झाली. एलडीडीमध्ये 'लिबकप्स२' गहाळ दिसत होते, तेही बसवले. त्यानंतर प्रिंटर कागद भरलेला असतानाही कागद मागत राहिला. रांगेचा मूळ आकार 'लेटर' होता, तो ए४ केल्यावर अडकलेली तिन्ही पाने बाहेर आली.