गोल्फ: ड्रायव्हर २१० यार्डच्या पुढे जात नाही

प्रश्न: येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळतो, ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) २१० यार्डच्या पुढे जातच नाही आणि बॉल उजवीकडे वळतो. व्यावसायिक गोल्फर रोरी मॅकिलरॉयची २०२३ च्या सीझनला ड्राइव्हची सरासरी ३२६ यार्ड होती, हे लोक नेमकं करतात काय?

उत्तर १: पीजीए टूरची (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांची) सरासरीच ३०० च्या आसपास आहे, ती तुलना सोड. आधी स्लाइस (बॉलचं उजवीकडे वळणं) घालव, क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतोय, डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरव आणि डाउनस्विंग (क्लब खाली आणणं) खांद्याने नाही, कंबरेने सुरू कर.

उत्तर २: टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच, बॉल डाव्या टाचेसमोर, क्लब वर येताना लागला पाहिजे. पण पटिंगचाही (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल हळू ढकलण्याचा) सराव कर रे! १९७८ च्या ब्रिटिश ओपनला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर जपानी गोल्फर नाकाजिमा दोन शॉटमध्ये ग्रीनवर होता, पट सरळ रोड बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि शेवटी त्या होलला ९ शॉट झाले.